सोन्यातली कोरी चौकट

छपाईची प्लेट उजेडाकडे तिरकी धरून फोरमनकाका म्हणाले, "हे बघा ताई. तुमची सावली इथं बसली होती."

पत्र्यावर सगळीकडे हिरवट-निळा थर होता आणि खालच्या कोपऱ्याकडे एक कोरा आयत चकाकत होता. पट्टीने आखून खरवडल्यासारखा. पणतीचा आकार नाही, ज्योतीचा नाही, सावलीचा तर नाहीच. शेजारच्या टेबलावर नुसतं सोनं छापलेले पाचपन्नास ताव पडले होते. सगळं मुखपृष्ठ सोनेरी आणि पणती यायची तिथे पांढरी खिडकी.

२००९चा सप्टेंबर. पितृपक्ष सरत आला होता, म्हणजे दिवाळी अंकवाल्यांच्या हिशेबाने उशीरच झाला होता. पुण्यात सदाशिव पेठेतला एक छोटा प्रेस, खाली मशीन, वर माळ्यावर कागदाचे गठ्ठे. मुखपृष्ठाला निळा, किरमिजी, पिवळा, काळा या नेहमीच्या चारांवर पाचवा रंग घ्यायचा हट्ट माझा. चार रंगांतून काढलेलं सोनं शेवटी मळक्या हळदीसारखं दिसतं, म्हणून संपादकांना पँटोनच्या, म्हणजे शायांच्या नमुन्यांच्या, पुस्तकातली ८७१ नंबरची धातूची शाई दाखवून मी पटवलं होतं. त्या सोनेरी जमिनीवर मातीची एक पणती आणि तिची मऊ, डावीकडे सरकलेली सावली. एवढंच चित्र. सावलीसाठी मी एक अख्खी संध्याकाळ घातली होती. किती गडद, किती लांब, कडा किती विरलेली.

"माझ्या स्क्रीनवर तर नीट दिसत होतं," मी म्हणाले. हे वाक्य त्या खोलीत दिवसातून किती वेळा ऐकू येत असेल कोण जाणे. काकांनी त्याला उत्तरही दिलं नाही. त्यांनी काळ्या रंगाची प्लेट मागवली, टेबलावर आडवी टाकली आणि खिशातलं भिंग माझ्या हातात दिलं. भिंगाखाली माझी सावली होती. ठिपके ठिपके, मधे दाट, कडेला बारीक होत होत नाहीसे होणारे. जशी केली होती तशीच. म्हणजे सावली हरवली नव्हती. तिच्या पायाखालचं सोनं हरवलं होतं.

काकांना बिटमॅप, लेयर वगैरे काही ठाऊक नव्हतं. पण त्यांनी माझ्याआधी रोग ओळखला, कारण त्यांनी आयुष्यभर मुखपृष्ठाकडे एक चित्र म्हणून कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ते पाच वेगवेगळे पत्रे होते, एकावर एक बसणारे. आम्ही डीटीपीवाले पडद्यावर पाचही एकदम बघतो. त्या सवयीत आमची निम्मी भांडणं असतात.

झालं होतं असं. सावली मी 'मल्टिप्लाय' करून ठेवली होती, म्हणजे खालचा रंग तसाच राहू दे आणि त्यावर काळ्याचा एक पातळ पदर येऊ दे. पीडीएफ काढताना मात्र मी जुन्या पद्धतीची काढली, एक्स-१ए, कारण प्रेसवाल्यांनी तशी मागितली होती. त्या पद्धतीत पारदर्शक काही चालतच नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं, तर पारदर्शक भाग सपाट करतं, 'फ्लॅटन' करतं. सावली आणि पणती जेवढ्या आयतात बसतात, तेवढ्या आयताचं एक चित्र बनवतं. खाली सोन्यासारखा वेगळा रंग असेल तर तो चार रंगांत विरघळवता येत नाही, म्हणून त्या चित्राला एक चिठ्ठी चिकटवून देतं: 'ओव्हरप्रिंट. खालचं सोनं पुसू नका, त्याच्यावरच छापा.' माझ्या फाइलीत ही चिठ्ठी होती. प्रेसमध्ये ऑपरेटरने मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ एका तावावर लावायला ती पीडीएफ कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, आणि चिठ्ठी तिथे गळून पडली. मग वरचं चित्र खालच्याला झाकणार, हा साधा नियम लागू झाला. आयताखालचं सोनं पुसलं गेलं.

चूक कोणाची यावर अर्धा तास गेला. आज विचाराल तर माझी. फाइल पुढे कोण, कशात उघडणार आहे, एवढा एक प्रश्न मी विचारला नव्हता.

"सोन्याची फाइल वेगळी आणा," काका म्हणाले. "सगळी काळ्यात."

सगळी काळ्यात म्हणजे त्या फाइलीत सोनं नाही, सावली नाही, मल्टिप्लाय नाही. एक शंभर टक्के काळं पान, त्यात पणतीच्या आकाराचं भोक, आणि ते भोक पणतीपेक्षा केसभर लहान, म्हणजे ताव जरा हलला तरी मधे पांढरी कड दिसायला नको. कुठे सोनं लागणार आणि कुठे नाही, एवढीच माहिती. स्क्रीन प्रिंटिंगवाले आजही अशाच फाइली मागतात, प्रत्येक रंगाची वेगळी, सगळ्या काळ्या. प्लेटसाठी प्रत्येक रंगाचं ट्रेसिंग पेपरवर वेगळं पान काढायच्या काळात याला पर्यायच नव्हता. बाकीच्या चार प्लेटा धडधाकट होत्या, त्यामुळे खर्च एका प्लेटचा आला. तो मी दिला. दुसऱ्या दिवशी सोनं छापून झालं, रात्रभर वाळवलं आणि मग त्यावर चार रंग चढले. भिंगातून बघितलं तर काळे ठिपके सोन्यावर उभे होते आणि ठिपक्यांच्या मधून सोनं चमकत होतं. पडद्यावर ती सावली इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. धातूची चमक पडद्याला येतच नाही.

घरी आल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. ऑफसेटची शाई तर मुळातच पारदर्शक असते. चार रंगांच्या छपाईत हिरवी शाई नसते. निळ्यावर पिवळी पडते, पिवळीतून खालचं निळं दिसतं, म्हणून आपल्याला पान हिरवं दिसतं. सगळा धंदा आरपार दिसण्यावर उभा आहे. मग पारदर्शकतेचं एवढं वावडं कोणाला?

ते संगणकाच्या भाषेला. ॲडोबीने पोस्टस्क्रिप्ट ही पानं लिहायची भाषा केली ती १९८४ साली, आणि त्या भाषेत प्रत्येक वस्तू म्हणजे कार्डपेपरचा तुकडा. वर ठेवला की खालचं झाकलं. शाई ही वस्तू त्या भाषेने भिंतीच्या डिस्टेंपरसारखी कल्पिली. शाईने शाईसारखं वागावं असं वाटत असेल तर वेगळा अर्ज करायचा, ओव्हरप्रिंटचा. गंमत अशी की त्याच १९८४ साली लुकासफिल्म या सिनेमा कंपनीतल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या दोघांनी अर्धवट पारदर्शक चित्रं एकावर एक ठेवायचं गणित मांडून प्रसिद्ध केलं. प्रत्येक बिंदूला रंगाबरोबर आणखी एक आकडा द्यायचा, 'मी इथे किती आहे' हे सांगणारा, ही 'अल्फा'ची कल्पना त्याआधी सत्तरच्या दशकातच एड कॅटमल आणि ॲल्व्ही रे स्मिथ यांनी काढलेली. सिनेमावाल्यांना भुतं, धूर, धुकं दाखवायचं होतं, त्यांना अर्धं असणं हवंच होतं. छापणाऱ्यांना कोणी विचारलं नाही.

दोन्ही गावांमधला रस्ता व्हायला पुढची सोळा-सतरा वर्षं लागली. २००० साली ॲडोबीच्याच इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या नवव्या आवृत्तीत पारदर्शकता आली, २००१ साली पीडीएफ १.४मध्ये. पण प्रेसमधल्या 'रिप'ना, म्हणजे फाइलीचे ठिपके करणाऱ्या यंत्रणेला, अजून जुनी कार्डपेपरचीच भाषा कळत होती. म्हणून मधे तो सपाट करायचा उद्योग. पारदर्शकतेसकट पीडीएफ थेट वाचणारं ॲडोबीचं प्रिंट इंजिन २००६चं, आणि पारदर्शकता जिवंत ठेवणारी एक्स-४ ही पद्धत आयएसओच्या मानकात आली २००८ साली. माझ्या पणतीच्या एक वर्ष आधी! आमच्या पेठेत ती पोचायला अर्थातच आणखी बराच वेळ गेला. आपल्याकडे आजही कित्येक प्रेस सांगतात, "कोरल फाइल द्या, कर्व्ह करून, आणि व्हर्जन खाली उतरवून." कर्व्ह म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून. व्हर्जन उतरवताना सावल्यांचं काय होतं हे ज्याने बघितलंय त्याला मी वेगळं काय सांगणार.

कोरलवाल्यांचा रामबाण उपाय म्हणजे सावली आणि तिच्याखालची जमीन एकत्र निवडायची आणि सरळ बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचं एकच चित्र, करून टाकायची, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, तीनशे डीपीआय, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके. साध्या चार रंगांच्या कामाला हा उपाय लागू पडतो, उगीच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण सोनं, चांदी, कुठलाही पाचवा रंग असेल तर तो या काल्यात चार रंगांचा होऊन जातो आणि पुन्हा तीच मळकी हळद हातात येते. आणि बिटमॅप करताना अक्षरं त्या निवडीत आली तर संपलंच. देवनागरीची शिरोरेषा तीनशे डीपीआयला करवतीसारखी दिसते. रोमन अक्षरांत हा दोष खपून जातो. तिथे एवढी लांब, आडवी, सलग रेघ डोळ्यांपुढे नसते.

अक्षरांचं आणखी एक दुखणं आहे, ते ओळखायला मला तीन वर्षं लागली. एका स्मरणिकेत एकाच परिच्छेदाच्या चार ओळी ठळक दिसत होत्या, बाकीच्या बारीक. फाँट एक, आकार एक. प्रूफ वाचणाऱ्या सरांना वाटलं, मी मुद्दाम ठळक केलंय आणि कशासाठी ते त्यांना कळेना. शेजारच्या फोटोची सावली त्या चार ओळींवरून जात होती, डोळ्यांना न दिसण्याइतकी फिकट. सावलीच्या पदराखाली सापडलेल्या अक्षरांचे सपाट करताना फाँटचे आकार झाले, आणि छपाईत आकार फाँटपेक्षा किंचित जाड उमटतात. उपाय इतका सोपा होता की मला राग आला: मजकुराचा लेयर सगळ्यात वर घ्यायचा. सावलीला अक्षरांच्या वर येऊच द्यायचं नाही.

पांढऱ्या रेघांचं भूत त्या मानाने निरुपद्रवी. सपाट केलेल्या पीडीएफवर केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात, गिऱ्हाईक घाबरून फोन करतं. पान मोठं करून बघावं. कितीही मोठं केलं तरी रेघ तेवढीच बारीक राहिली, तर ती तुकड्यांच्या सांध्यावरची पडद्याची करामत असते. पीडीएफ बघायच्या ॲक्रोबॅटच्या सेटिंगमध्ये रेषा गुळगुळीत दाखवायची खूण काढली की नाहीशी होते. कागदावर ती सहसा येत नाही. मी हे समजावून सांगते, समोरचा "बरं बरं" म्हणतो आणि छापून येईपर्यंत झोपत नाही.

पण सावलीचा खरा प्रश्न तांत्रिक नाहीच, असं मला हल्ली वाटतं. तो रंगाचा आहे.

पिवळ्याधमक लग्नपत्रिकेवर गणपतीमागे काळ्याची सावली टाकून बघा. पडद्यावर ठीक दिसेल. छापल्यावर ती जागा शेवाळ्यासारखी हिरवट येते, कारण पिवळ्यात काळं मिसळलं की ते ऑलिव्हकडे झुकतं. हळदीच्या पत्रिकेवर बुरशी! ही खोड सॉफ्टवेअरची नाही, शाईची आहे. आणि आरजीबीतलं, म्हणजे पडद्याच्या रंगांतलं, काळं तसंच ठेवून चार रंगांत बदललं, तर ते नेहमीच्या एका सेटिंगमध्ये निळं ७५, किरमिजी ६८, पिवळं ६७, काळं ९० असं होतं. बेरीज तीनशे टक्के. एवढी शाई मॅपलिथोला, म्हणजे बिनलेपाच्या साध्या कागदाला, पाजली तर तो वाळत नाही, मागच्या तावाला डाग देतो. शिवाय चार शाया केसभर इकडेतिकडे सरकल्या की सावलीच्या कडेला गुलाबी-निळी झालर लागते. त्यातून खालची जमीन सीएमवायके आणि सावली आरजीबी राहिली, तर सावलीभोवती फिकट आयत उमटतो, इतका फिकट की पडद्यावर दिसत नाही आणि कागदावर लपत नाही.

पणतीच्या मुखपृष्ठाच्या त्या वर्षी दिवाळीत मी एक उद्योग केला. लाइट घालवून अंगणातल्या फरशीवर पणती ठेवली आणि तिच्या शेजारी उकिडवी बसून सावली बघत राहिले. आईने दोनदा विचारलं, काय हरवलंय. पणतीची सावली काळी नव्हती. शहाबादी फरशीवर ती गडद निळसर, आणि शेजारी लाल गेरूचा पट्टा होता तिथे ती विटकरी तपकिरी. जमिनीचाच रंग, उजेड कमी झालेला. ज्योतीच्या बरोबर खाली गडद, मग झपाट्याने मऊ. आणि एक सावली नव्हतीच, शेजारच्यांच्या आकाशकंदिलाची दुसरी एक तिच्यावरून तिरकी गेली होती. एवढं सगळं फुकट समोर असताना मी एरवी सॉफ्टवेअरमधली तयार सावली घेत होते: काळा, पंचाहत्तर टक्के, खाली आणि उजवीकडे. जगभरातल्या सगळ्या पत्रिकांवर सूर्य डावीकडून वरूनच उगवतो, तो याच आकड्यांमुळे.

तेव्हापासून पिवळ्या जमिनीवरची सावली मी किरमिजी वाढवून, थोडं निळं घालून करते, काळं जवळजवळ नाहीच. लाल जमिनीवर गडद लाल. पांढऱ्यावर मात्र नुसतं काळं, कारण तिथे एका शाईत काम भागत असेल तर झालर लागायची भीती नको. आणि सावली किती विरवायची त्यालाही कागदाची मर्यादा असते. एक-दोन टक्क्यांचे ठिपके इतके सूक्ष्म असतात की ते पुष्कळदा प्लेटवरच टिकत नाहीत. मग सावली विरत विरत जाण्याऐवजी मधेच तुटते आणि तिला कडा येते. उलट, मधला आठ-दहा टक्क्यांचा भाग सच्छिद्र कागदावर फुगून गडद होतो. गुळगुळीत आर्ट पेपरवर चालणारी सावली मॅपलिथोवर अर्ध्याने हलकी करावी लागते. डिजिटल प्रिंटरवरचं गुळगुळीत प्रूफ याबाबत हमखास खोटं बोलतं.

ठिपक्यांचा विषय निघाला की मला रविवर्म्याची ओलिओग्राफ, म्हणजे तेलचित्रांवरून दगडाने छापलेली रंगीत चित्रं, आठवतात. मुंबईत १८९४ साली काढलेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला नेलेला तो छापखाना. आजीच्या देवघरात त्या धाटणीची एक लक्ष्मी होती. तेलरंगातली मऊ सावली दगडावरून कागदावर न्यायची तर दगडालाही अर्धी शाई धरता येत नाही. लागली किंवा नाही लागली, एवढंच त्याला येतं. म्हणून दगडावर काम करणारे कारागीर प्रत्येक रंगाच्या वेगळ्या दगडावर हाताने ठिपके टाकत. लक्ष्मीच्या गालाखालची सावली म्हणजे कोणीतरी मान मोडून टाकलेले शेकडो ठिपके. कुठला ठिपका कुठल्या दगडावर, हे त्याला आधीच ठरवावं लागे. चिठ्ठी लावून पुढच्यावर सोपवायची सोय नव्हती.

आता मी काय करते? प्रेसला आधी फोन. रिप नवा असेल तर एक्स-४, पारदर्शकता जिवंत ठेवून. जुना असेल तर मी स्वतः सपाट करते आणि माझ्या डोळ्यांनी बघते. ॲक्रोबॅटमध्ये ओव्हरप्रिंट दाखवायचं सेटिंग कायमचं चालू ठेवलंय, आणि आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये एकेक शाई बंद करत जाते. आधी काळी, मग पिवळी, शेवटी उरतं ते सोनं. सोन्यात आयत दिसला की काकांचा आवाज ऐकू येतो. इलस्ट्रेटरमध्ये इफेक्टचं रिझोल्यूशन आधी बघते, कारण वेबसाठी उघडलेल्या फाइलीत ते ७२ असतं आणि त्यात सावलीच्या पायऱ्या होतात. पीडीएफ कोरलमध्ये उघडू नका, असं फाइलीच्या नावातच लिहायला लागले आहे. मराठीत. तरी उघडतात.

मागच्या आठवड्यात एका मुलाने बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी व्हॉट्सॲपवर गणपती पाठवला. मागे पांढरा चौकोन. मी सांगितलं, फोटो म्हणून पाठवलास की पीएनजीची जेपीजी होते, मागची पारदर्शकता जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठव. त्याने पाठवला. उघडला तर गणपतीच्या मागे करड्या-पांढऱ्या चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारख्या. पारदर्शक जागा दाखवायला सॉफ्टवेअर काढतं ना, त्या. पण या चित्रातच रंगवलेल्या होत्या. कोणीतरी पारदर्शकतेचा फोटो काढून पारदर्शक म्हणून ठेवून दिला होता.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "असं कसं ताई? माझ्या स्क्रीनवर तर नीट दिसतोय."